प्रागमधे एक दिवस, आरामात आणि उताराने

प्रागला एकच दिवस असेल तर चढू नका, उतरा. बहुतेक लोक जुन्या चौकातून सुरुवात करतात, मग पूल, मग किल्ल्याच्या पायऱ्या, आणि दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलेलो, आईच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका, म्हणून सगळं उलटं केलं, २२ नंबरची ट्राम पकडून थेट वर पोहोर्झेलेत्स स्टॉपला उतरलो आणि दिवसभर रमतगमत नदीकडे खाली येत राहिलो. ट्रामचं कागदी तिकीट चढल्या चढल्या पिवळ्या मशीनमधे घालून शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असून नसल्यासारखं, आणि चेकर साध्या कपड्यात फिरतात.

उतरलात की आधी स्त्राहोव मठाच्या बाजूला जा, तिथून अख्खं शहर लाल कौलांसकट दिसतं. मग किल्ला. गर्दी असते, जितकं लवकर जाल तितकं बरं. आवारात फिरायला तिकीट लागत नाही. सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं, हे वाचल्यापासून मी आपल्याकडच्या पुलांच्या कामाबद्दल जरा जपून बोलतो. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी सोडतात, तेव्हा वार बघून जा.

किल्ल्यातून खाली येताना नेरुदोवा गल्ली घाई न करता उतरा, मला तरी कॅथेड्रलपेक्षा तीच आवडली. घरांना नंबर १७७० च्या सुमाराला आले, त्याआधी दारावरचं चिन्ह हाच पत्ता, एकावर तीन व्हायोलिनं, एकावर दोन सूर्य, एकावर सोन्याचा नाल. बाबा प्रत्येक दारापाशी मान वर करून उभे, म्हणे आपल्याकडे पण 'पिंपळासमोरचा वाडा' असंच सांगायचे की. रस्ता सगळा दगडी आहे, चपला अजिबात नकोत, जाड तळव्याचे बूट घाला.

जेवायला शाकाहारी लोकांनी 'स्माझेनी सिर' मागा, चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्समधे घोळून तळलेला, सोबत बटाटे (वरच्या आवरणात अंडं असतं, चालत नसेल तर आधीच विचारा). रस्त्यावर जिकडेतिकडे त्रदेल्निक नावाचं गोड नळकांडं पारंपरिक म्हणून विकतात, ते प्रागचं जुनं खाणं वगैरे नाही, हौस म्हणून एक घ्या आणि चौघांत वाटून खा.

चार्ल्स पूल १३५७ चा, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, आणि भर दुपारी तिथे दिवाळीतली तुळशीबाग असते. म्हणून थोडं पुढे जाऊन पुलावरूनच जिना उतरून काम्पा बेटावर जा, झाडाखाली बाकावर बसा, आम्ही तिथे दशम्या-चटणी काढली आणि बाबा चक्क घोरले. ऊन कलल्यावर पूल ओलांडा. पुलावर नेपोमुक नावाच्या संताचा पुतळा आहे, त्याखाली पितळी पाट्या आहेत, १३९३ मधे त्याला इथूनच नदीत ढकलून दिलं होतं, हात लावून लावून त्या जागा सोन्यासारख्या चकचकीत झाल्यात. आईने पण लावला, मग पर्स पुढे घेतली, ते जास्त महत्त्वाचं कारण गर्दीत खिसेकापू असतात.

पैसे बदलताना 'झिरो कमिशन' पाटीला भुलू नका. मी भुललो, हातात किती कोरुना येणार ते आधी विचारलं नाही आणि रेट बघून घाम फुटला. पावती ठेवा, ३ तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, हे मला हॉटेलवर रात्री कळलं.

शेवटी जुना चौक आणि १४१० चं घड्याळ. तासाला घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या १२ शिष्यांचे पुतळे फिरतात, मिनिटभरात खेळ खल्लास, त्यासाठी अर्धा तास आधी उभं राहू नका. त्यापेक्षा त्याच टॉवरवर जा, लिफ्ट आहे. वरून दिवे लागलेलं शहर आम्ही बघतच राहिलो, आईने विचारलं, ट्राम कुठून मिळेल?