खंडेनवमीआधी जुन्या होल्स्टरची निगा

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस ओसरला की नवरात्र येतं आणि शस्त्रपूजेसाठी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. आजोबांचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं चामडी म्यान, उघडलं की त्यावर हमखास पांढरी बुरी दिसते आणि हात आपसूक खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तेवढं मात्र करू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत पुन्हा पांढरं दिसतं आणि पुढे खवटतं.

शस्त्र परवानाधारकानेच बाहेर काढावं आणि रिकामं करून कुलपात ठेवावं. मगच चामडं हातात घ्या.

पुसण्याआधी ठेवण नीट पाहा, कारण वस्तूचा इतिहास तिथेच असतो. एकबारी पिस्तुलं जड असत, म्हणून घोडेस्वार ती खोगिराच्या पुढच्या बाजूला, जोडीने अडकवत. कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि पुढे होल्स्टर हळूहळू कमरेला आलं. लष्करी होल्स्टरवरची झडप धूळ आणि पाऊस अडवण्यासाठी असे. सोबत खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा असेल, तर त्याची गोष्ट आपल्याच देशातली. १८५८ च्या लढाईत सॅम ब्राउन या घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसताना म्यान हलू नये म्हणून त्याने हा पट्टा वापरात आणला. वर्दीतले पोलीस अधिकारी तो आजही बांधतात. झडपेच्या आत किंवा पाठीमागे कारखान्याचा शिक्का आणि सालही सापडू शकतं. रंगीत बूटपॉलिश लावलंत तर ती अक्षरं बुजतात.

आता बुरी. तिच्यावर हेअर ड्रायरची कोमट हवा काही सेकंद धरा. विरघळून दिसेनाशी झाली तर ती चामड्यातलीच चरबी आहे, मऊ फडक्याने टिपा. तशीच राहिली तर बुरशी आहे. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा.

मळासाठी सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा खास साबण, हरभऱ्याएवढा पुरतो. फडकं पांढऱ्या सुती टॉवेलचं घ्या. रंगीत टॉवेल ओला झाला की रंग सोडू शकतो आणि चामडं तो लगेच पितं. फडकं घट्ट पिळून, आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहा. सावलीत २४ तास वाळवा, उन्हात नको. मग नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ करणारं), तेही अर्धा चमचाच. जास्त झालं तर होल्स्टर लुळं पडतं, आकार सोडतं. हाताला विटकरी भुकटी लागत असेल तर चामडं आतूनच कुजलंय. तिथे पाणी आणि तेल दोन्ही वर्ज्य.

रिव्हेटभोवती साचलेलं हिरवं मेण म्हणजे पितळ आणि चरबीच्या संयोगाचा गंज. ते लाकडी दातकोरणीने खरवडा. चिंच लावू नका, आंबट पाणी शिवणीत उतरतं. दोरा उसवला असेल तर मोच्याकडून जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी, हातशिलाई करून घ्या. मशीन नवी भोकं पाडतं आणि कड फाटते.

पूजेत हळदीकुंकू चामड्यावर वाहू नका, डाग कायमचा बसतो. समोर विड्याचं पान ठेवून त्यावर वाहा.

पूजा झाली की शस्त्र पुन्हा आत घालून ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावताना वापरलेलं द्रव्य, पोलादाला गंज आणतं. आत सुती कापडाचा बोळा भरा, वरून जुनी धुतलेली पांढरी चादर गुंडाळा आणि खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर चामडं तडकतं.