गोव्याचं विमान धरताना अंतर-वेळेच्या या चुका टाळा

तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून टॅक्सी सांगू नका. वास्कोजवळचं दाबोळी आणि पेडणे तालुक्यातलं मोपा असे दोन विमानतळ आता आपल्याकडे आहेत. मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात, तरी 'एअरपोर्ट' म्हटलं की घरच्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून दाबोळीच येतं.

माझी मडगावची आत्या मुंबईला निघाली होती. दोन तास हाताशी ठेवून दाबोळीला पोचली. दारावरच्या जवानाने तिच्या मोबाइलवरचं तिकीट पाहिलं आणि एका कोडवर बोट ठेवलं: जीओएक्स. म्हणजे मोपा. दाबोळीचा कोड जीओआय. तिने मला फोन केला, "अरे, नकाशात तर चाळीसच किलोमीटर दिसतंय!" ते सरळ रेषेतलं अंतर. रस्त्याने साठच्या वर भरतं, आणि वाटेत झुआरी, मांडवी, पर्वरीची कोंडी, म्हापसा, कोलवाळचा पूल हे सगळं ओलांडायचं. ती मोपाला पोचली तेव्हा चेक-इन बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. काउंटरसमोर बॅग धरून उभी असलेली आत्या आठवली की अजून वाईट वाटतं.

म्हणून तिकीट काढतानाच कोड बघा आणि ज्येष्ठांना तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पेडणे, बार्देश, सावंतवाडीकडच्यांना मोपा जवळ. सासष्टी, मुरगाव, काणकोणकरांना दाबोळी. तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त दिसलं, तरी टॅक्सीचं भाडं मिळवून मगच ठरवा.

दुसरी चूक हिशोबाची. मुंबई-दाबोळी हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर. विमान ताशी ८०० किलोमीटरने उडतं, म्हणजे अर्ध्या तासात मुंबई, असं धरू नका. चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जायला वेळ लागतो, मुंबईवर घिरट्याही घालाव्या लागतात. वेळापत्रकात या प्रवासाला सव्वा तासाच्या आसपास दिलेला असतो, तोच धरा. आणि तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. देशांतर्गत चेक-इन साधारण तासभर आधीच बंद होतं.

आखातात माणसं असलेल्या घरांत तिसरी चूक हमखास होते. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा, विमान गोव्याहून सकाळी १० ला सुटून दुबईत १२ ला पोचतं. प्रवास दोन तासांचा नव्हे, साडेतीन तासांचा. येताना उलटं: दुबईहून रात्री १० ला सुटून इथे पहाटे पावणेतीनला. पावणेपाच तास वाटतात, असतात सव्वातीन. येतानाचा प्रवास थोडा लवकर आटपतो, कारण उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो आणि तो विमानाला पुढे रेटतो.

आणायला जाताना तारीखही नीट बघा. पहाटे पावणेतीन म्हणजे दुसरा दिवस. शुक्रवारी रात्री दुबईहून निघालेल्या लेकाला आणायला शुक्रवारी रात्री जेवून झोपायचं, गजर दीडचा लावायचा, आणि निघण्याआधी दाबोळी की मोपा ते पुन्हा विचारून घ्यायचं.