मुलाखत घेताना या चुका टाळा: रूप आणि लिंग पाहून होणारी निवड

मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यात लेखापाल पदाच्या मुलाखती घेताना माझ्या सहकाऱ्याने एका तरुणीच्या मुलाखतीच्या गुणपत्रकावर ‘प्रेझेंटेबल नाही’ असा शेरा मारला. काटोलहून सकाळची एसटी आणि पुढे ऑटो करून आलेली ती उमेदवार घामाने भिजली होती, केस विस्कटले होते; पण खरेदीची नोंदवही आणि जीएसटीचे विवरण यांतली तफावत तिने आमच्यासमोर पाच मिनिटांत शोधून काढली. तो शेरा मी तिथल्या तिथे खोडायला लावला नाही, याची खंत आजही वाटते.

लेखापालाला दिवसभर हिशेबाच्या वह्यांत बसायचे असते, मग दिसण्याला गुण कशाचे? उमेदवार खोलीत येताच मत बनते आणि पुढचे प्रश्न नकळत ते मत खरे ठरवण्यासाठी विचारले जातात. म्हणून प्रश्न आणि गुणांची विभागणी आदल्या दिवशीच लिहून ठेवावी, आणि ज्या शेऱ्यापुढे कामाचा पुरावा देता येत नाही तो धरू नये. बायोडेटावर फोटो तर मागूच नये. देखणेपण नेहमी लाभतेच असेही नाही: स्वागतकक्षासाठी जिला लगेच होकार मिळतो, तिलाच प्लांटवर पर्यवेक्षक नेमताना ‘हिचे कोण ऐकेल’ म्हणून वगळले जाते.

दुसरी चूक प्रश्नांतच असते. ‘लग्नाचे काय ठरले?’, ‘रात्री मिहानहून (नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातून) घरी कशा जाल?’ हे पुरुषाला कोणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार भरतीत स्त्रियांशी भेदभाव करता येत नाही. रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती लागते आणि तिला घरापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. कामाच्या पाळीची वेळ सर्वांना सारखीच सांगावी आणि ती जमेल का, एवढेच विचारावे.

पॅनेलवर एक महिला बसवली की काम झाले, असे मानणेही चुकीचे आहे. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना एकच अर्ज कुणाला ‘जॉन’, तर कुणाला ‘जेनिफर’ या नावाने दिला गेला. जेनिफर कमी सक्षम ठरली, तिला पगारही कमी सुचवला गेला, आणि असे करण्यात महिला प्राध्यापकही मागे नव्हत्या. त्यामुळे प्रत्येक सदस्याने चर्चेआधीच स्वतंत्रपणे गुण लिहून सही करावी, आणि वरिष्ठांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे.