बल आणि गतीची उदाहरणे कशी सोडवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षे विज्ञान शिकवत आलो आहे. बल आणि गतीच्या धड्यात मुले सूत्र विसरल्यामुळे क्वचितच चुकतात. कोणत्या वस्तूबद्दल आपण बोलत आहोत, हेच न ठरवता ती आकडेमोड सुरू करतात आणि तिथेच उत्तर हातचे जाते. तरीही त्यांना सर्रास एकच सल्ला दिला जातो, तो म्हणजे सूत्रे पाठ करा आणि किमती घाला. मला हा सल्ला घातक वाटतो. न्यूटनने १६८७ साली आपले तीन नियम मांडले, ते वस्तूंविषयी आणि वस्तूंनी एकमेकांवर लावलेल्या बलांविषयी. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सूत्र जवळजवळ शेवटी येते.

सर्व किमती आधी किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांत लिहून घ्याव्यात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढे ध्यानात राहिले तरी पुरते.

शब्दांबाबत मात्र सीमाभागातल्या विद्यार्थ्याने थोडी जास्त काळजी घ्यावी. आपण ज्याला त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, म्हणतो, त्याला कन्नड पुस्तकात वेगोत्कर्ष म्हणतात, चालीला जव म्हणतात आणि वस्तुमानाला द्रव्यराशी. अकरावीला हेच सारे इंग्रजीतून समोर येते. तिन्ही भाषांतले शब्द वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवावेत. बाजारात आपण पोत्याचे वजन ५० किलो म्हणतो, पण भौतिकशास्त्रात ५० किलोग्रॅम हे वस्तुमान आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या पोत्याला ज्या बलाने खाली ओढते ते बल, आणि ते ५० गुणिले ९.८ (पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचे त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गात) म्हणजे ४९० न्यूटन येते.

आता उदाहरण घेऊ. निपाणीच्या एका वखारीत ५० किलोग्रॅमचे तंबाखूचे पोते सपाट फरशीवर आहे, हमाल त्याला आडव्या दोराने १८० न्यूटन बलाने ओढतो आहे आणि सरकणाऱ्या पोत्यावर फरशीचे घर्षण १३० न्यूटन आहे. पहिले काम म्हणजे एकच वस्तू निवडणे. आपण पोते निवडू, त्याच्याभोवती पेन्सिलीने एक बंद रेघ काढू, आणि हमाल, दोर, फरशी, पृथ्वी हे सारे त्या रेघेबाहेर ठेवू.

पुढची पायरी त्या वस्तूवरची बले काढण्याची. सगळे अवघड इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नये. रेघेवरून बोट फिरवत जावे आणि बाहेरची कोणती वस्तू आतल्या वस्तूला टेकली आहे ते पाहावे. दोर टेकला आहे, तर दोराचे बल. फरशी टेकली आहे, तर तिचे वर ढकलणारे बल आणि सरकण्याला विरोध करणारे घर्षण. न टेकता बल लावणारी इथे एकटी पृथ्वीच आहे. प्रत्येक बाणाशेजारी दोन नावे लिहावीत, बल लावणाऱ्याचे आणि ज्याच्यावर ते लागते त्याचे. पहिले नाव लिहिता येत नसेल, तर तो बाण खोडून टाकावा. यात मी कोणालाही सवलत देत नाही.

ही सक्ती करण्याचे कारण असे, की मुले नसलेली बले हौसेने काढतात. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावरही त्याच्यावर वरच्या दिशेचा एक बाण काढलेला असतो आणि त्याला गतीचे बल असे नाव दिलेले असते. ते बल कोण लावते? हात तर केव्हाच मागे राहिला. हवेचा विरोध सोडून दिला, तर चेंडूवर पृथ्वीचे एकच बल उरते, आणि सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतानाही त्याचे त्वरण खालच्या दिशेने ९.८ च असते. बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या बसने ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे झुकतो, तेव्हाही त्याला पुढे ढकलणारे कोणी नसते. बसची जमीन त्याच्या पायांना मागे ओढते, आणि धडाचा आधीचा वेग जडत्वामुळे तसाच राहू पाहतो.

तिसऱ्या नियमापाशी, म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर सारखेच बल विरुद्ध दिशांना लावतात या नियमापाशी, मी स्वतः दोन वर्षे अडकलो होतो. नववीत असताना मी वर्गात विचारले होते, की बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढत असेल, तर गाडी हलते तरी कशी? बैलांचा जोर जास्त असतो, असे उत्तर मला मिळाले. ते पूर्ण चूक होते, कारण जोर जास्त म्हटले की तिसरा नियमच मोडतो. पण ते उत्तर मी घट्ट धरून बसलो. पुढे एका पावसाळ्यात आमच्या भाताच्या खाचराशेजारी भरलेली गाडी चिखलात रुतली. बैल जू ओढत होते, त्यांच्या खांद्यावर ताण स्पष्ट दिसत होता, पण खूर निसटत होते आणि गाडी तसूभर हलत नव्हती. खुरांखाली दगड आणि पेंढा घालताच तेच बैल तीच गाडी बाहेर घेऊन आले. दगड-पेंढ्याने बैलांचा जोर वाढलेला नव्हता. बैलांना पुढे ढकलणारी वस्तू म्हणजे जमीन, आणि मी इतके दिवस तिला आकृतीत घेतलेच नव्हते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून बैलगाडीच्या दोन स्वतंत्र आकृत्या काढाव्यात, एका कागदावर पण एकमेकींना न चिकटवता. आकडे सोयीचे घेऊ. भरलेली गाडी ६०० किलोग्रॅमची आहे, बैल तिला ५०० न्यूटनने पुढे ओढतात आणि रस्ता तिला ३८० न्यूटनने मागे धरतो. गाडीवरचे निव्वळ बल १२० न्यूटन, म्हणून तिचे त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता दुसरी आकृती. बैलजोडी ८०० किलोग्रॅमची आहे आणि गाडी तिला ५०० न्यूटनने मागे ओढते. बैलही त्याच ०.२ त्वरणाने पुढे जात असल्यामुळे त्यांच्यावर पुढच्या दिशेने १६० न्यूटन निव्वळ बल हवे, म्हणजे जमिनीने खुरांना ६६० न्यूटनने पुढे ढकलले पाहिजे. ५०० आणि ५०० ही जोडी वेगवेगळ्या वस्तूंवर आहे, त्यामुळे ती एकमेकांतून वजा करण्याचा प्रश्नच येत नाही. पडताळ्यासाठी बैल आणि गाडी मिळून १४०० किलोग्रॅमची एकच वस्तू धरावी. जू आता रेघेच्या आत गेले, बाहेरून ६६० पुढे आणि ३८० मागे एवढेच उरले. २८० भागिले १४०० म्हणजे पुन्हा ०.२.

प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हे वाक्य मी पाठ करू देत नाही. त्यात क्रिया आधी घडते आणि प्रतिक्रिया तिला उत्तर म्हणून नंतर येते, असा भास होतो, आणि दोन्ही बले कोणावर लागतात तेही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: पहिली वस्तू दुसरीवर जेवढे बल लावते, तेवढेच बल दुसरी वस्तू पहिलीवर त्याच क्षणी विरुद्ध दिशेने लावते. खात्री हवी असेल तर दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून दोन मुलांनी ओढावेत. एकाने कितीही जोर केला, तरी दोन्ही काटे सारखेच आकडे दाखवतात.

याच जागी आणखी एक चूक होते, आणि ती चांगल्या गुणांच्या मुलांच्या वहीतही सापडते. पोत्याचे वजन ४९० न्यूटन खाली आणि फरशीचे बल ४९० न्यूटन वर, ही जोडी तिसऱ्या नियमाची आहे असे ती लिहितात. ती तशी नाही, कारण दोन्ही बले पोत्यावरच लागली आहेत. पोत्याच्या वजनाची खरी जोडी म्हणजे पोत्याने पृथ्वीला ४९० न्यूटनने वर ओढणे, आणि फरशीच्या बलाची जोडी म्हणजे पोत्याने फरशीला खाली दाबणे. हमालाने दोर थोडा वर तिरपा धरला आणि त्याच्या ओढीचा ६० न्यूटन भाग वरच्या दिशेने गेला, की फरशीचे बल ४३० होते, वजन मात्र ४९० च राहते. तिसऱ्या नियमाची जोडी अशी कधी असमान होत नाही.

आकृती नीट झाली की बाकीचे काम सरळ आहे. पोत्यावर आडवे निव्वळ बल १८० वजा १३० म्हणजे ५० न्यूटन, ते ५० किलोग्रॅमने भागले की त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. स्थिर स्थितीतून निघालेल्या पोत्याचा वेग ३ सेकंदांनी ३ मीटर प्रति सेकंद होतो आणि ते ४.५ मीटर सरकते.

गतीची समीकरणे त्वरण स्थिर असेल तरच वापरावीत, म्हणून बल बदलले की आकृती नव्याने काढावी. ३ सेकंदांनंतर हमालाने दोर सोडला, तर दोराचा बाण पूर्ण जातो आणि घर्षण एकटे उरते. त्वरण मागच्या दिशेने २.६ होते आणि पोते आणखी सुमारे १.७ मीटर जाऊन थांबते. इथे पुष्कळ मुले दोर सोडताच पोते जागीच थांबवतात.

शेवटी उत्तर अनुभवाशी ताडून पाहावे. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे. हवेचा विरोध सोडला, तर त्या उंचीवरून सुटलेला दगड सुमारे ३.३ सेकंदांत आणि सेकंदाला सुमारे ३२ मीटर वेगाने खाली पोचेल. कोणाच्या वहीत १०.६ सेकंद आले असतील, तर त्याने वर्गमूळ घ्यायचे राहिले आहे का ते पाहावे.

सरावासाठी शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच घ्यावी. दोन संघ आणि दोर अशा तीन आकृत्या काढाव्यात, दोराचे वस्तुमान नगण्य धरावे, आणि दोराची ओढ दोन्ही संघांवर सारखीच असताना एक संघ का जिंकतो, हे पायांखालच्या मातीचा बाण काढून दाखवावे.