फोटोतलं ते काळं काहीतरी किती मोठं अन् किती लांब, कसं काढायचं

गेवराईकडच्या चुलतभावानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, ज्वारीच्या रानावर आभाळात काळी बशी, अन् खाली मेसेज की दादा हे ट्रॅक्टरएवढं हाय, किलोमीटरभर लांब होतं. आता नुसत्या एका फोटोवरून असं दोन्ही कुणालाच सांगता येत नाही. फोटोत फक्त कोन येतो, म्हणून नाकासमोरची माशी अन् लांबचं विमान एकाच मापाचं दिसू शकतं.

मग करायचं काय, तर आधी ओरिजनल फाईल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणा, कारण साधा फोटो टाकला की व्हॉट्सअ‍ॅप तो बारीक करतं अन् कॅमेऱ्याची माहिती उडून जाते. ओरिजनलच्या डिटेल्समध्ये फोकल लेंथ असते (भिंग किती जवळ ओढून दाखवतं त्याचा आकडा), त्यातली ३५ एमएमच्या हिशोबातली बघायची. बऱ्याच मोबाईलच्या मेन कॅमेऱ्याची २६ च्या आसपास असते (झूम केलेलं असलं तर तिथं जो आकडा असेल तोच घ्या, २६ नका धरू). ३६ (३५ एमएम फिल्मच्या चौकटीची रुंदी, मिलीमीटरमध्ये) भागिले २६, म्हणजे साधारण १.४. अंतराच्या १.४ पट रुंदी फोटोत मावते, १०० मीटरवर १४० मीटर.

भावाचा फोटो आडवा ४००० पिक्सेल अन् बशी ४० पिक्सेल, म्हणजे शंभरावा हिस्सा. १ मीटरवर असली तर १.४ सेंटीमीटर, मोठ्या माशीएवढं काहीतरी. १० मीटरवर १४ सेंटीमीटर, १०० मीटरवर १.४ मीटर, अन् त्याच्या किलोमीटरवर धरली तर १४ मीटर! एवढा ट्रॅक्टर कुणाच्या वाड्यात मावतो सांगा बरं.

आता अंतर कुठून आणायचं? पुढं-मागं काय आहे ते बघा, हे लै कामाचं. त्या फोटोत लाईटीचा सिमेंटचा पोल होता, तार उन्हात चमकायली होती, झूम केलं तर ती चमकती रेघ बशीवरूनही सलग गेलेली. म्हणजे बशी तारेच्या मागं, माशीबिशी बाद. भावाला उभा होता तिथून पोलापर्यंत पावलं मोजायला लावली, ६० मीटर भरलं. पडताळा पण घेतला: पोल ८ मीटरचा, त्यातला दीडेक मीटर जमिनीत, वर साडेसहा, अन् फोटोत तो ३१० पिक्सेल, गणित जुळतंय. ६० मीटरवर बशी ८४ सेंटीमीटर होते, म्हणजे त्याच्यापेक्षा लहान नाहीच. घारीचे पंख पसरून दीडेक मीटर भरतात, तेवढी घार शंभरेक मीटरवर अशीच दिसणार. वळताना बाजूनं सापडली की बशीच वाटते, पण भाऊ अजून भांडायलाय.

रात्रीच्या उजेडाला हा हिशोब लावू नका, तिथं आपण चकाकी मोजतो, वस्तू नाही. २ एप्रिल २०२२, पाडव्याच्या रात्री आभाळातून जळत गेलं ते लोकांना शेजारच्या शिवारात पडल्यासारखं वाटलं, होते ते चिनी रॉकेटचे अवशेष, त्यातलं एक गोल कडं सापडलं पार चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीला. अशा वेळी दुसऱ्या गावातल्या कुणाचा तरी त्याच क्षणाचा फोटो मिळवा अन् मागचे तारे जुळवून बघा, ड्रोन असला तर तो दोन्ही फोटोंत एकाच ताऱ्याजवळ दिसणारच नाही.