शिशाची जुनी वजने: वापरावीत, ठेवावीत की मोडीत द्यावीत?

किनाऱ्यावरच्या घराचा माळा आवरायला घेतला की जुन्या जाळ्यांखाली एखादा पत्र्याचा डबा सापडतो आणि उचलताना तो दिसतो त्याहून फारच जड लागतो. आत पाग नावाच्या फेकजाळ्याच्या कडेचे मणी असतात, गळाच्या दोरीवर दाबून बसवायच्या, मधोमध चिरलेल्या बारीक गोळ्या असतात, आणि कधी कुणी घरीच ओतलेले ओबडधोबड गोळेही असतात. धातूला मोल असल्यामुळे ते टाकवत नाहीत, म्हणून डबा पुन्हा माळ्यावर जातो. निर्णय लांबवण्यापूर्वी हा धातू काय करतो ते समजून घ्यावे.

प्रथम ते शिसेच आहे याची खात्री करावी. शिशाला लोहचुंबक चिकटत नाही, नखाने त्यावर ओरखडा उठतो आणि कागदावर घासले तर करडी रेघ उमटते. ही परीक्षा एका तुकड्यावर एकदाच करावी व लगेच साबणाने हात धुवावेत. नुसते हातात धरल्याने शिसे कातडीतून फारसे शरीरात जात नाही; ते जाते तोंडातून आणि श्वासातून. जुन्या वजनांवर जी पांढुरकी भुकटी धरते ती बोटांना लागते, आणि जाळे दुरुस्त करता करता त्याच तळव्यावर तंबाखू मळली की ती थेट तोंडात पोहोचते. चिरलेली गोळी दातांनी दाबण्याची सवयही तशीच घातक आहे. त्यासाठी पक्कड वापरावी. शरीरात गेलेले शिसे रक्तातून हाडांत जाऊन अनेक वर्षे साठून राहते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याची थोडी मात्राही बाधते. तिची सुरक्षित मर्यादा आजवर ठरवता आलेली नाही.

यानंतर डबा वर्तमानपत्रावर मोकळा करावा आणि वजने वेगळी करावीत. जाळ्याला घट्ट ओवलेले, धड असलेले मणी जाळे वापरात आहे तोवर काढण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे, कारण काढण्याच्या खटपटीतच भुकटी अधिक उडते. याउलट बारीक गोळ्या सर्वांत आधी वापरातून काढाव्यात. त्या दोरीवरून सहज निसटतात आणि पाणपक्षी त्या खड्यांसोबत गिळतात. पक्ष्याच्या पेषणीत, म्हणजे खड्यांच्या साहाय्याने अन्न दळणाऱ्या पोटाच्या भागात, त्या झिजून विष रक्तात उतरते. ब्रिटनमध्ये हंस अशा गोळ्यांनी मरू लागल्यामुळे १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. सुटी, फुटलेली आणि भुकटी धरलेली वजने मोडीत काढायच्या ढिगात घालावीत. ती कोरड्या ब्रशने घासू नयेत, ओल्या फडक्याने पुसावीत व फडके नंतर टाकून द्यावे. तांब्यापितळेप्रमाणे चिंचेने उजळण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण आंबटात शिसे विरघळते.

राहिला प्रश्न वितळवण्याचा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या शेगडीवरही ते सहज पातळ होते, आणि या सोपेपणामुळेच अनेकांना ‘जुन्याचे नवे ओतून घेऊ’ असे वाटते. ताप वाढला की अदृश्य वाफा निघतात, वर साचणारी मळी खरवडताना बारीक धूळ उडते, आणि ती स्वयंपाकघरातल्या कपड्यांवर, भांड्यांवर, जमिनीवर बसते. साचा किंचित ओला असला तरी त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे उसळून अंगावर येते. पूर्वी घराघरांत हे होत असे, हा युक्तिवाद मला पटत नाही. परिणाम सावकाश दिसतो म्हणून त्याचा संबंध कुणी लावला नव्हता, इतकेच. घरात असे काम वर्षानुवर्षे झाले असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

मोडीचा ढीग समुद्रात, खाडीत किंवा घंटागाडीत टाकू नये. दारावरच्या भंगारवाल्याला देणे सोपे असते, पण तो माल उघड्यावर भट्टी लावणाऱ्याकडे गेला तर आपल्या घरचे विष दुसऱ्याच्या अंगणात जाते. वाहनाच्या जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात आधी विचारून पाहावे, कारण त्यांचा माल शिसे गाळणाऱ्या कारखान्यांकडे जातो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला कारखाना एकट्यादुकट्याचे दोन किलो घेईलच असे नाही, म्हणून गावच्या मच्छीमार सोसायटीने सर्वांचे शिसे एकत्र जमा करून पाठवणे अधिक व्यवहार्य ठरते. तोवर ते झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, वर ‘शिसे’ असे लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

नवी वजने निवडताना थोडा हिशेब करावा लागतो. शंभर ग्रॅम शिसे समुद्राच्या पाण्यात सुमारे ९१ ग्रॅम भरते आणि तितकेच लोखंड ८७ ग्रॅम, त्यामुळे लोखंडाचे वजन थोडेसेच वाढवले तरी भागते. आकार मात्र सुमारे दीडपट होतो आणि गंजाचा विचार करावा लागतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे नट सोयीचे पडतात. काळा दगड फुकट मिळतो, पण तो पाण्यात बराच हलका पडतो आणि शिशाच्या जवळजवळ दीडपट वजनाचा घ्यावा लागतो. टंगस्टन शिशाहून जड असते, परंतु त्याची किंमत जाळ्याला परवडणारी नाही. गळाच्या एखाददुसऱ्या वजनापुरते ते ठीक.

माळ्यावरचा पत्र्याचा डबा कितीही धड दिसला तरी त्यात पुन्हा तांदूळ किंवा मीठ भरू नये. वजनांबरोबर तोही मोडीत द्यावा.