घरच्या अँप्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर कसा निवडाल?

दुकानात "अँप्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर द्या" म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअर?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. अँपिअर गरजेपेक्षा जास्त घेतले तर खिसा हलका आणि डबा जड होतो, एवढंच. बोर्ड, म्हणजे अँप्लिफायरची सर्किटची पाटी, त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. व्होल्ट जास्त झाले तर मात्र आयसी, म्हणजे बोर्डावरची आवाज वाढवणारी चिप, जातो, आणि जाताना कधी कधी स्पीकरलाही सोबत नेतो.

माझा पहिला बोर्ड असाच गेला. एलए ४४४० या आयसीचा होता, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. मी १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरची (मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना बारा-बारा व्होल्ट) मधली तार मोकळी सोडली आणि दोन टोकांना ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड, जोडला. म्हणजे २४ व्होल्ट एसी, आणि कपॅसिटरवर ३२ च्या वर डीसी. त्या आयसीची चालू स्थितीतली मर्यादा १८ व्होल्ट. गाणं सुरू व्हायच्या आतच धूर.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी स्पीकर, मग आयसी, मग व्होल्ट आणि शेवटी अँपिअर. उदाहरणासाठी ८ ओहमचे दोन स्पीकर घेऊ आणि प्रत्येकाला २० वॅट देणारे दोन एलएम १८७५ आयसी.

पहिली पायरी: किती डीसी हवा

वॅटला ओहमने गुणा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. २० × ८ × २ = ३२०, वर्गमूळ साधारण १८. स्पीकरवर इतक्या व्होल्टचं शिखर पोचलं पाहिजे. आयसी स्वतःसाठी चारेक व्होल्ट राखून ठेवतो आणि मोठ्या आवाजात कपॅसिटरवरचे दोन-तीन व्होल्ट खाली-वर होतात. एकूण झाले अधिक-उणे २५ च्या आसपास, म्हणजे मधल्या शून्याच्या वर २५ आणि खाली २५.

दुसरी पायरी: त्यासाठी एसी किती

एसीला १.४१४ ने गुणायचं आणि डायोडचा एक-पाऊण व्होल्ट वजा करायचा. १८-०-१८ घेतला तर १८ × १.४१४ म्हणजे २५.५, डायोड जाऊन २४.५ ते २५. आपल्याला हवं तेच. बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका.

तिसरी पायरी: वाईट दिवसाचं गणित

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १८ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात. अँप्लिफायर चालू आहे पण गाणं लागलेलं नाही, अशा वेळी छोट्या ट्रान्सफॉर्मरवर ते सहज दहा टक्के जास्त भरतात: १९.८. त्यात लाइनला २३० ऐवजी २५० असतील (आमच्याकडे मध्यरात्रीनंतर असतात), तर २१.५. त्याचा डीसी होतो २९.६.

एलएम १८७५ ची कमाल मर्यादा दोन्ही बाजू मिळून ६० व्होल्ट, म्हणजे अधिक-उणे ३०. वाचला, पण काठावर. आता याच बोर्डात टीडीए २०५० बसवा. पिना त्याच क्रमाने असल्यामुळे दुकानात "हा घ्या, चालतो" असं सर्रास सांगतात. त्याची मर्यादा अधिक-उणे २५. त्याला १५-०-१५ च हवा, आणि तोही याच गणिताने २४.६ वर जाऊन टेकतो. २४-०-२४ तर या दोघांच्या जवळपासही आणू नका.

स्पीकर ४ ओहमचे असतील तर व्होल्ट आणखी कमी करा. तेवढ्याच व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरपायी आयसीची उष्णता दुप्पट होते, आणि २० वॅटसाठी तिथे जेमतेम १२.६ व्होल्टचं शिखर पुरतं. १५-०-१५ भरपूर झाला.

चौथी पायरी: आता अँपिअर

दोन्ही स्पीकरचे मिळून ४० वॅट. गाण्यांसाठी त्याच्या दीड ते दुप्पट व्हीए (ट्रान्सफॉर्मरची ताकद) धरायचे: ६० ते ८०. सतत सपाट सूर वाजवायचा असेल तर हे पुरणार नाही, पण गाण्यात शिखरं क्षणभरच येतात. टोकापासून टोकापर्यंतचे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए. १८-०-१८ दोन अँपिअर म्हणजे ३६ × २ = ७२. चालेल. तीन अँपिअरचा १०८ व्हीए. मी तोच घेतो, कारण तो कमी तापतो.

पाचवी पायरी: दुकानात

लेबलवर फार विसंबू नका, हातात घेऊन बघा. लोखंडी पट्ट्यांचा, १०० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर दीड किलोच्या आसपास भरतो. "पाच अँपिअर" लिहिलेला तळहातावर अलगद मावत असेल तर ते पाच कागदावरच आहेत. स्वस्त मालात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. सेकंडरीच्या, म्हणजे कमी व्होल्ट देणाऱ्या बाजूच्या, तारेचं टोक जरा खरवडून रंग बघू द्या म्हणावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत फिरताना दोन-तीन दुकानांत वजन करून बघितलं की हाताला आपोआप कळायला लागतं.

टोरॉइड, म्हणजे गोल कडं, महाग पडतो, पण त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतं, त्यामुळे स्पीकरमधली घूं कमी होते. डबा छोटा असेल तर तोच घ्या. एक सांभाळा: मधल्या बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला अजिबात टेकू देऊ नका. बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

सहावी पायरी: बोर्ड जोडण्याआधी

तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटरने ओहम मोजा. प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टची बाजू, काही ओहमांपासून वीस-पंचवीसपर्यंत दाखवते, सेकंडरी एक ओहमच्याही खाली. प्रायमरीला स्लो-ब्लो (क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) फ्यूज लावा. १०८ व्हीएला पूर्ण लोडवर अर्ध्या अँपिअरहून कमी करंट लागतो, म्हणून ६३० मिलीअँपिअर ते १ अँपिअर. धातूचा डबा थेट अर्थिंगला जोडा. कपॅसिटर प्रत्येक बाजूला ४,७०० ते १०,००० मायक्रोफॅरड आणि ५० व्होल्टचे घ्या. ३५ व्होल्टचे वरच्या २९.६ ला फार जवळ येतात.

पहिल्यांदा चालू करताना ६० किंवा १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब प्रायमरीच्या फेजमध्ये सिरीज लावा. एलईडी बल्ब चालणार नाही. क्षणभर उजळून विझला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि जोडणी तपासा. विझला तर वीज बंद करून बल्ब काढा, त्या जागी तार थेट जोडा आणि पुन्हा चालू करून दोन्ही बाजूंचा डीसी मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. मग वीज बंद करा, मीटरवर डीसी शून्याजवळ येईपर्यंत थांबा, आणि तेव्हाच बोर्डाच्या तारा लावा. बोर्ड जोडून पहिल्यांदा चालू करतानाही बल्ब परत सिरीजमध्ये ठेवा.